पवनेच्या काठी मुक्काम: मुलं, पाणी आणि पट्टीचे पोहणारे दीर

वाचकाचं पत्र

"नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन घरं मिळून पवना धरणाच्या बॅकवॉटरला एक रात्र राहायला जाणार आहोत. सहा मोठी माणसं, सासूबाई आणि चार मुलं. मुलांची वयं ४, ७, ९ आणि १३. कॅम्पवाल्यांचे दर बघून यजमानांनी तीन टेंट विकतच आणलेत. माझे धाकटे दीर सोसायटीच्या तलावात रोज चाळीस फेऱ्या मारतात. ते म्हणतात, मुलांना काठाला पोहायला शिकवतो, लाइफ जॅकेटं फक्त लहानांना पुरेत. सासूबाईंचं म्हणणं, धरणावर जायचंच नाही, धरण माणूस मागतं. मला दोघांनाही दुखवायचं नाही. पाण्यात उतरायचं का, उतरायचं तर कसं, कयाक भाड्यानं घ्यावी का, टेंट कुठे ठोकावेत? थोरलीला पक्षी बघायचा नाद आहे, तिची दुर्बीण आणू का?"
– चिंचवडच्या एक वाचक

ताई, तुम्ही जरूर जा. डिसेंबरात पवनेच्या काठासारखी जागा पुण्याजवळ दुसरी सापडणं कठीण. समोर तुंगचा किल्ला, बाजूला तिकोना, पाठीशी लोहगड-विसापूर, आणि पाऊस सरून दोन-अडीच महिनेच झालेले असल्यामुळे धरण अजून बऱ्यापैकी भरलेलं. पण या सहलीत पोहणं ठेवू नका, मोठ्यांचंही नाही. भिजणं, डुंबणं, पाणी उडवणं, कयाक चालवणं हे सगळं करता येईल. ते कसं करायचं, हे खाली तपशीलवार सांगतो. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ मात्र जायचं नाही. जिथे पाण्यात उतरायला बंदी असल्याचा फलक आहे, तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही. गावकऱ्यांनी "इथे नको" म्हटलं तर फलक नसला तरी तो फलकच समजा. कोणत्या काठाला काय झालं होतं, हे त्यांना माहीत असतं.

सासूबाईंना खोडून काढू नका. माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि त्यांनी त्या वाचलेल्या आहेत. त्या बातम्यांमागचं कारण एकदा समजून घेतलं, की काय टाळायचं ते आपोआप कळतं.

पवनेचं बॅकवॉटर म्हणजे बुडालेलं शिवार आहे. धरण होण्याआधी इथे गावं होती, भाताची खाचरं होती, विहिरी आणि देवळं होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्याखाली जातं. मंदिर दिसतं म्हणून लोक बघायला जातात. खाचरांचे बांध, ताली आणि पडक्या विहिरी कोणी बघायला जात नाही, पण त्याही तिथेच असतात. मावळातलं भाताचं खाचर डोंगरउताराला पायरीसारखं कापलेलं असतं: पंधरा-वीस पावलं सपाट, मग दगडी ताल, आणि तालीखाली कमरेएवढं किंवा डोक्याएवढं खाली पुढचं खाचर. आता हेच पाण्याखाली आणून बघा. मूल गुडघाभर पाण्यात चालतंय. दहा पावलं गुडघाभर, अकरावं गुडघाभर, बारावंही गुडघाभर, आणि तेराव्या पावलाला खाली काहीच नाही. पाणी गढूळ असल्यामुळे ती कड वरून दिसत नाही. समुद्रावर निदान खोली हळूहळू वाढते, म्हणून माणूस सावध होतो. इथे सावध व्हायला सवड मिळत नाही.

त्यात धरणाचा काठ दर आठवड्याला सरकतो. पिण्यासाठी, शेतीसाठी पाणी सोडतात आणि पातळी उतरत जाते. गेल्या वर्षी कोणी "इथे कंबरभरच आहे" म्हणून सांगितलेली जागा यंदा त्याच तारखेला तशी असेलच असं नाही. आज कोरडं दिसणारं पंधरवड्यापूर्वी पाण्याखाली होतं. वरून वाळलेली पापडी आणि खाली पिंढरीपर्यंत गाळ, असा पट्टा काठालगत हमखास लागतो. लहान मुलाचा पाय अशा गाळात रुतला की ते घाबरून पुढे, पाण्याच्या दिशेनं, पडतं.

आणखी एक अडचण जाळ्यांची. स्थानिक मच्छीमार बारीक नायलॉनच्या दोऱ्याची जाळी लावतात आणि तो दोरा पाण्यात दिसत नाही. पाण्यावर एका ओळीत थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या, तर खाली जाळं आहे असं समजून तिथून लांब राहायचं. पाय अडकल्यावर जितका झटकावा तितका तो जास्त गुंडाळला जातो.

आता तुमच्या दिरांविषयी. चाळीस फेऱ्या मारणारा माणूस तयारीचा आहे यात शंका नाही. पण सोसायटीचा तलाव पंधरा-वीस मीटरचा असतो, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आत हाताला भिंत लागते. आपण दमलोय हे त्या माणसाला कधी कळतच नाही, कारण प्रत्येक फेरीला भिंतीला पाय मारून नवा जोर मिळतो. शिवाय खाली निळी रेघ असते, तळ दिसतो, पाणी हलत नाही. धरणात दिशा धरायला रेघ नाही, हात लावायला भिंत नाही, आणि वाऱ्याची लाट नेमकी श्वास घेण्याच्या वेळी तोंडावर येते. अंतरही फसवं असतं. पाण्यावर मध्ये झाड, घर, माणूस असं मोजमापाला काही नसतं, त्यामुळे समोरचा काठ आहे त्याच्या निम्म्यावर असल्यासारखा वाटतो. चांगली पोहणारी तरुण मुलं दगावतात ती बहुधा "समोर जाऊन येतो" म्हणून निघालेली, किंवा बुडणाऱ्याला काढायला उडी मारलेली.

भावोजींना "पोहू नका" म्हणण्यापेक्षा एक काम सोपवा. संपूर्ण सहलीत पाण्याजवळच्या दोराची जबाबदारी त्यांची. हे मान राखायला सांगत नाही. हे काम पाण्याची सवय असलेल्या माणसाचंच आहे आणि त्यात पुष्कळ करण्यासारखं आहे.

सामान असं घ्या. पंधरा ते वीस मीटर दोर, करंगळीएवढा जाड, पाण्यावर तरंगणारा. हार्डवेअरच्या दुकानात पिवळा किंवा निळा प्लॅस्टिकचा मिळतो तो चालतो. सुती दोर नको, तो भिजून बुडतो. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन. त्यात अर्धा लिटर पाणी ठेवायचं, म्हणजे फेकताना वजन येतं आणि वाऱ्यानं भरकटत नाही, आणि झाकण पक्कं लावायचं. कॅनच्या कडीला दोराचं एक टोक बांधायचं. बुडणाऱ्या माणसाचं डोकं वर राहायला चार-पाच किलोंचा आधार लागतो, तेवढा हा कॅन देतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला मोठी गाठ मारून ती पायाखाली दाबायची, नाहीतर घाईत दोरासकट सगळं पाण्यात जातं. कॅन माणसाच्या अंगावर मारायचा नाही. त्याच्या डोक्यापलीकडे फेकायचा आणि दोर त्याच्या खांद्यावर येईल असा ओढत आणायचा. चिंचवडला घराखालच्या मैदानात दहा वेळा फेकून बघा. पहिल्या चार फेकी वाकड्या जातील, त्या तिथेच जाऊ देत. याशिवाय सहा-सात फुटांचा एक बांबू आणि गळ्यात घालायच्या चार शिट्ट्या.

तिथे पोचल्यावर मुलांना लगेच पाण्याकडे सोडू नका. आधी जागा मोजायची. भावोजींनी जॅकेट घालावं, कमरेला दोर बांधावा, दोराचं टोक काठावर दोघांच्या हातात. मग बांबू पुढे टेकवत, पाय न उचलता घासत, पाण्यात जायचं. बांबू टेकला की तळ कसा आहे तो हाताला कळतो: मुरूम असेल तर खरखर, गाळ असेल तर बांबू आपोआप आत जातो आणि काढताना चोखल्यासारखा आवाज येतो, दगड असेल तर ठणका. तळ मुरमाचा, उतार एकसारखा आणि कुठेही पायरी नाही, अशी साधारण दहा पावलं लांब आणि पाच-सहा पावलं रुंद जागा मिळाली तर ती तुमची. एकच गाळाचा टप्पा किंवा एकच पायरी लागली तरी जागा बदला, "तेवढ्या बाजूला जाऊ नका" असं मुलांना सांगून भागत नाही. मग कडेला काठ्या रोवून सुतळी बांधायची. सुतळीच्या आत पाणी सात वर्षांच्या मुलाच्या मांडीपर्यंत, त्याहून जास्त नाही. हे काम पाऊण तास खातं. तेवढा वेळ मुलं कुरकुर करतील, करू द्या.

जॅकेटचा नियम एकच आणि तो सगळ्यांना लागू: सुतळीच्या आत जो पाय टाकेल त्याच्या अंगात बंद केलेलं जॅकेट, वय आणि पोहता येणं न बघता. मोठ्यांनी घातलं तर लहान घालतात. "काका नाही घालत" हे एक वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला पुरतं. लहानांची जॅकेटं घरून विकत घेऊन जा, कारण भाड्याच्या ठिकाणी बहुधा मोठ्यांच्याच मापाची असतात. आतल्या बाजूला किती किलो वजनाच्या माणसासाठी आहे ते लिहिलेलं असतं, तेच बघायचं, वयाचा आकडा नाही. चार आणि सात वर्षांच्यांना दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच हवं. घरी घालून, सगळे बक्कल लावून, मुलाला खांद्याच्या पट्ट्यांनी हलकंच वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. पाण्यात मूल खाली राहील आणि जॅकेट वर येईल. भाड्याचं जॅकेट हातात आलं तर आधी बक्कल लावून ओढून बघा, मग फोम दाबून बघा. दाबलेला फोम लगेच फुगून वर आला पाहिजे. पापडासारखा चपटा झालेला फोम माणसाला तारत नाही. हवा भरायच्या ट्यूब, दंडाला लावायचे फुगे आणि प्लॅस्टिकची बदकं घरीच ठेवा. वारा काठाकडून पाण्याकडे असेल तर ट्यूब मुलासकट आत जाते, आणि तिच्यामागे धावणारा बाप धोक्यात येतो.

मुलं पाण्यात असताना एक मोठा माणूस फक्त बघायला उभा. वीस मिनिटांची पाळी, हातात मोबाइल नाही, कणीस भाजणं नाही, फोटो नाहीत. एक भडक रंगाची टोपी ठेवा. ती ज्याच्या डोक्यावर, त्याची पाळी. दुसऱ्यानं टोपी डोक्यावर घेतल्याशिवाय पहिल्यानं जागा सोडायची नाही. सात मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं बाकीचे सहा बघतायत, आणि कोणीच बघत नसतं. टोपीमुळे हा घोळ मिटतो. चार वर्षांच्या बाळासाठी मात्र टोपी पुरत नाही. त्याच्याबरोबर एक माणूस पाण्यात, हात लांब केला की लागेल इतक्या अंतरावर. सासूबाईंना काठाला खुर्ची आणि एक शिट्टी द्या. पाळी त्यांच्यावर टाकू नका, पण ज्या नजरेत काळजी असते ती नजर पाण्यावर असलेली बरी.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडत नाही, हे सगळ्यांना निघण्यापूर्वी सांगा. तोंड पाण्याच्या पातळीला वर-खाली होत असतं, श्वासालाच हवा पुरत नाही, मग ओरडणार कशानं? मान मागे झुकलेली, केस डोळ्यांवर, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबतायत आणि शरीर उभं, जणू न दिसणारी शिडी चढतंय. लहान मुलाला यातून पूर्ण खाली जायला अर्धं मिनिटही पुरतं. खेळणारं मूल अचानक गप्प झालं, की तिकडे बघायचं.

असं दिसलं तर क्रम पक्का ठेवा: शिट्टी, बांबू पुढे करणं, तो पोचत नसेल तर कॅन. बांबू पुढे करताना पोटावर आडवं व्हायचं, उभ्यानं केलं तर बुडणारा खेचून घेतो. दोर नसताना दोन साड्या किंवा ओढण्या गाठ मारून चालतात. पाण्यात जाणं सगळ्यात शेवटी, आणि तेही जॅकेट घालून, कमरेला दोर बांधून.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, पालथं टाकून पाठीवर मारणं, पाय धरून उलटं करणं, हे प्रकार अजूनही होतात. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न घशात येऊन श्वासनलिकेत शिरतं. माणूस हाक मारून उठत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर उताणं झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून तोंडानं दोन ते पाच श्वास द्या, छाती वर येते का बघत. बुडालेल्याच्या शरीरात आधी हवा संपलेली असते म्हणून सुरुवात श्वासानं. मग छातीच्या मधोमध तळहातानं ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल असे, मुलाची साधारण एक तृतीयांश. ३० दाब, २ श्वास, असं मदत येईपर्यंत. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन. डोंगराआड काही ठिकाणी रेंज जाते, म्हणून कोणाच्या फोनला कुठे रेंज आहे ते पोचल्या पोचल्या तपासून ठेवा आणि जवळच्या वाडीचं नाव सगळ्यांना पाठ असू द्या. "पवना लेकला या" एवढ्यावर रुग्णवाहिका पोचत नाही. शुद्धीवर आलेलं, हसणारं-बोलणारं मूलसुद्धा दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. हे दाब द्यायचं तंत्र वाचून येत नाही. तीन घरांतल्या निदान दोघांनी प्रशिक्षण घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कयाक जरूर घ्या, पण सकाळी. साधारण साडेनऊ-दहापर्यंत पाणी संथ असतं, दुपारी वारा उठतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की काठावर यायचं, मग भाड्याचा वेळ उरलेला असला तरी. चालवायला घेण्यापूर्वी कयाकचं एक टोक उचलून हलवा. आत डचमळ ऐकू आली तर पाणी शिरलेलं आहे, ती कयाक नको. मागच्या टोकाला पाणी काढायचं बूच असतं, ते घट्ट आहे का बोटानं फिरवून बघा. बूच सैल राहिलं की अर्ध्या तासात कयाक जड होऊन कलते. निघताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा मदत करतो. लोक उलट करतात: वाऱ्याबरोबर झरझर लांब जातात, मग वळल्यावर वल्ही मारूनही जागचे हलत नाहीत. काठाला समांतर, तीस-चाळीस मीटरच्या आत राहा. उलटलीच तर कयाक सोडून काठाकडे निघायचं नाही, तिला धरून राहायचं आणि शिट्टी मारायची. लांबून माणसाचं डोकं दिसत नाही, उलटलेली कयाक दिसते. तेरा आणि नऊ वर्षांची मुलं प्रत्येकी एका मोठ्या माणसाबरोबर जाऊ शकतात. सात आणि चारच्यांना या वर्षी नको.

मोटरबोटीत बसणार असाल तर पाय आत ठेवण्याआधी जॅकेटं मोजा. माणसं अकरा आणि जॅकेटं आठ असतील तर दोन फेऱ्या करा. "लहानांना मांडीवर घ्या" ऐकायचं नाही. बोट चालू असताना फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही. मे २०२४ मध्ये उजनी धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तो वळिवाचा काळ होता. डिसेंबरात तसा वादळी वारा सहसा नसतो, पण मोठ्या जलाशयावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, ही गोष्ट बारा महिने खरी.

टेंटकडे वळू. काठाला बघितलं तर पाण्यापासून थोडं वर एक रेघ दिसते. तिच्याखाली गवत विरळ, माती उघडी. वर गवत आणि झुडपं. ती धरण पूर्ण भरल्यावरची पातळी. तिच्याखालची जमीन प्रकल्पासाठी संपादित झालेली आहे आणि पाणी ओसरल्यावर गावकरी त्यातल्या काही भागात गाळपेर करतात. सपाट, मऊ, हिरवी जागा म्हणून लोक तिथे टेंट ठोकतात आणि कोणाचा तरी हरभरा तुडवतात. टेंट रेघेच्या वर, मालकाला विचारून, ठरलेले पैसे देऊन लावा. स्वच्छतागृहाची, पार्किंगची सोयही त्याच्याकडेच विचारा. धरणात जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न इथे वर्षानुवर्षं रेंगाळलेला आहे. त्या काठावर आपण पाहुणे म्हणून जातोय, एवढं मुलांनाही सांगायला हवं. रेघेच्या वर राहण्याचा दुसरा फायदा असा, की रात्री झोपेत उठलेलं मूल आणि पाणी यांच्यात पन्नास-साठ पावलांचं अंतर राहतं. लहान मुलांचा टेंट मधला ठेवा, मोठ्यांचे पाण्याच्या बाजूला.

नव्या टेंटबरोबर येणाऱ्या खुंट्या बारीक तारेच्या असतात, मावळच्या मुरमात त्या वाकतात. दहा-बारा इंची लोखंडी खुंट्या आणि एक हातोडी घ्या. खुंटी तिरकी ठोकायची, तिचं डोकं टेंटपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, म्हणजे दोर ताणला की ती उपटत नाही. माती अगदी मऊ लागली तर पिशवीत दगड भरून, तिला दोर बांधून, ती पुरा. दार वाऱ्याकडे करू नका. एकदा घरी, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये, तीनही टेंट पूर्ण उभे करून बघा. नव्या टेंटला एक काठी कमी निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी तीनपर्यंत पोचा, पाचच्या आत टेंट उभे झाले पाहिजेत. लोणावळ्याच्या गर्दीत न शिरता कामशेतहून पवनानगरकडे वळा. ३१ तारीख मात्र टाळा. त्या रात्री काठावर दारू असते, आणि पाण्याजवळ दारू प्यायलेली अनोळखी माणसं असताना मुलं घेऊन राहण्यात अर्थ नाही. तुमच्या गटातही हाच नियम ठेवा: ज्यानं घेतली, त्यानं पाण्याच्या वाटेला जायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

थंडी अंगाखालून येते. अंगावर दोन पांघरुणं आणि खाली नुसती चटई असेल तर पहाटे तीनला सगळे जागे होतात. खाली ताडपत्री, त्यावर फोमची चटई, त्यावर सतरंजी किंवा जुनी गोधडी. पाण्याजवळ दव फार पडतं आणि आतल्या माणसांच्या श्वासाचं पाणी कापडाला धरतं, म्हणून टेंटच्या जाळीच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाच. आणि हे मी प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही: बार्बेक्यूचे निखारे, शेगडी, गॅसचा स्टोव्ह यातलं काहीही ऊब म्हणून टेंटच्या आत न्यायचं नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. विझत आलेल्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. सासूबाईंना थंडी सोसत नसेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी द्या.

रात्री बूट टेंटच्या आत, सकाळी झटकून घाला. अंधारात बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट, चपला नाहीत. हिवाळ्यातही घोणस हिंडते. चावलंच तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही. तो भाग हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं.

पिण्याचं पाणी माणशी चार लिटर धरा, म्हणजे अकरा जणांना वीस लिटरचे दोन जार आणि वर काही बाटल्या. धरणाचं पाणी तसंच पिऊ नका. पण ते घाणही करू नका, कारण पवनेतून नदीत सोडलेलं पाणीच पुढे रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून पिंपरी-चिंचवडला येतं. ते तुमच्याच नळाचं पाणी आहे. भांडी काठावर घासायची नाहीत. खरकटं पुसून कागदात गुंडाळायचं आणि टबात पाणी घेऊन, पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, भांडी धुवायची. साबण लावून अंघोळ धरणात नको. बाळाचे डायपर आणि सगळा कचरा गाडीत परत.

दुर्बीण नक्की आणा. सूर्योदय सातच्या सुमारास होतो. कयाक पाण्यात उतरण्याआधीचा तास-दीड तास थोरलीचा. तिला काठापासून लांब, थोड्या उंच जागी बसवा, बरोबर एक मोठा माणूस, आणि मागून ऊन येईल अशी बैठक. काठाच्या ओल्या मातीवर शेपटी वरखाली करत धावणारे धोबी दिसतील, पाण्यातल्या वठलेल्या खोडावर पंख पसरून वाळवणारे पाणकावळे दिसतील. काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगड टाकल्यासारखा सरळ खाली पाण्यात शिरतो. तो थांबला की दुर्बीण पाण्याकडे नेऊ नको, त्याच्यावरच धरून ठेव, असं तिला सांगा. नाहीतर तो कुठे शिरला ते कळत नाही.